पळवून आणलेली बाई

डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर म्हादू आणि चिमा सव्वीस वर्षं लग्नावाचून नांदत होते. रोज भांडत होते, म्हणजे नांदतच होते. १९९८ साली थोरल्या रत्नाचं लग्न ठरलं आणि पाड्याचा रिवाज आडवा आला. जिला स्वतःला हळद लागली नाही, त्या आईने लेकीला हळद लावायची नाही. दोघांचा बाप्तिस्मा झालेला, म्हणून दोघं आधी स्वतःचं लग्न लावून घ्यायला मिशनच्या फादर इनासांकडे गेली.

फादर माणूस भला, पण वसईचा आणि कागदाला पक्का. चर्चच्या कायद्यात विवाह रद्दबातल ठरवणाऱ्या बाधांची यादी आहे, ती त्यांनी वाचायला घेतली. वय भरलेलं, नातं लांबचं, आधीचा नवरा-बायको कुणाला नाही.

"वधूला पळवून आणलंय का?"

म्हादूने छाती फुगवली. जन्मात केलेला तेवढा एकच पराक्रम. "मंग! वीटभट्टीवरनं पळवून आनली, चार मानसांदेखत!"

फादरांनी पेन खाली ठेवलं. "मग लग्न होणार नाही. पळवलेल्या स्त्रीला आधी सोडायचं, सुरक्षित जागी ठेवायचं आणि मग तिची मर्जी विचारायची."

"अवो, पाच पोरं झाली!"

"म्हणजे कैद बरीच लांबली."

"पळवली कसली?" चिमा म्हणाली. "हा म्हनला चल, मी चालले."

पण कैदेतल्या बाईची जबानी ग्राह्य धरत नाहीत.

चिमाची रीतसर सुटका होऊन रवानगी मुरबाडकडे सिस्टरांच्या वसतिगृहात झाली. तिथे ती उजाडेपर्यंत झोपली आणि दुसऱ्याने रांधलेलं गरम जेवली. इकडे म्हादूने पंधरा दिवस भाकऱ्या करपवल्या.

सोळाव्या दिवशी फादर, म्हादू आणि रत्ना तिथे पोचले.

"चिमाबाई, तुम्ही मुक्त आहात. याच्याशी लग्न करायची तुमची मर्जी आहे?"

चिमा आपल्या खाटेवर टेकली.

"फादर, ह्यो सवाल मला आजवर कोनी केला नाय. आयनं नाय, बानं नाय, यानं तं नायच. आता केलाच हाय, तं जरा इचार करू द्या."

"अगो, रत्नाचा मांडव घातलाय!" म्हादू ओरडला.

"तिला तरी कोनी इचारलंय?"

दाराशी उभी रत्ना आत आली आणि आईच्या खाटेवर बसली. फादरांनी कायदा दोनदा चाळला. विचार करायला मुदत किती, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

वाचकांनी खुशाल हसावं. मात्र ज्यांची लग्नं पत्रिका छापून, पंगती उठवून रीतसर झाली आहेत, त्यांनी हा प्रश्न घरी काढू नये. काढलाच, तर उत्तर येईपर्यंत भाकरी थापायला शिकून घ्यावं.