साहेबरावअण्णांचा खोकला

दूधवाला किसन फाटकाशी आला की साहेबरावअण्णा आतून विचारत, "काय माल आहे?"

"दूध हाये, अण्णा."

"दूध दिसतंय मला. दुधासंगं काय आणलं?"

पहिले काही दिवस किसन हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की हा माणूस खरोखरच उत्तराची वाट बघतोय. तेव्हापासून तो रोज सकाळी गळ्याला हात लावून शपथ घेई, की दुधाशिवाय आपण काही आणलेलं नाही. "झूट मत बोल," एवढं म्हणून अण्णा पातेलं पुढे करत.

अण्णांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका कर घ्यायची, तेव्हाची गोष्ट. वैजापूरकडून कांद्याचा ट्रक आला, की अण्णा कांद्याकडे बघायचेच नाहीत, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचे. "कांदा खोटं बोलत नाय," ते म्हणत. पुढे जकात बंद झाली, अण्णाही निवृत्त झाले. नजर मात्र ड्यूटीवरच राहिली. साथ आली आणि त्या नजरेला पुन्हा काम मिळालं. "हा चोरटा माल हाये," त्यांनी मला भिंतीवरून समजावलं. "दिसत नाय, याचा अर्थ लपवलाय."

सिडकोत आमची रो-हाऊसं एकमेकांना चिकटून आहेत. अण्णांच्या घरात ते आणि त्यांच्या पत्नी कौसाबाई, म्हणजे गल्लीच्या माई, असे दोघंच. मुलगा पुण्यात. तो फोन करून करून थकला, कारण अण्णांनी फोन उचलणंच सोडलं होतं. त्या काळात फोन लावला की सरकारी सूचनेच्या आधी कोणीतरी खोकायचं. एकदा अण्णांनी स्वतःच मुलाला फोन लावला, तो खोकला ऐकला आणि मोबाइल टॉवेलात गुंडाळून उन्हात ठेवला. उन्हावर त्यांचा फार भरवसा. वर्तमानपत्रही ते दोरीवर चिमटे लावून वाळत घालत. गल्लीतली सगळ्यात शिळी बातमी त्यांच्याकडे असे, पण ती निर्जंतुक असे.

मरण हा शब्द ते उच्चारत नसत. "आज कोणाची पावती फाटली?" असं विचारत, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणत, "नका सांगू."

दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीने दक्षता समिती स्थापन केली. स्थापन केली म्हणजे वाघचौरे साहेबांनी आम्हाला तसं कळवलं. ते निवृत्त अभियंते. गळ्यात अध्यक्षपदाचं ओळखपत्र होतं आणि त्यावर सही त्यांचीच होती. ताप मोजायचं पिस्तूल ते आमच्या कपाळावर अशा काही मुद्रेनं रोखत, की आपण सीमा ओलांडून आलोय असं वाटावं. कोण शिंकलं, कोण खोकलं, कोणाच्या घरून काढ्याचा वास आला, सगळं समितीच्या ग्रुपवर येई. खाली हात जोडल्याची चित्रं असत.

अशात एक दिवस अण्णा फाटकाशी उभे राहून खोकले.

साधं नाही. कमरेवर हात ठेवून, मान वर करून, सगळ्या गल्लीला पोचेल असं. समोरच्या खिडक्या भराभर बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जो माणूस दुसऱ्याच्या नुसत्या घसा खाकरण्यावरून घरात पळायचा, तो आता अंगणात येऊन खोकत होता. माई दिसेनाशा झाल्या, तेव्हा तर ग्रुपला आणखी काम मिळालं. "माहेरी गेली, वैजापूरकडं," अण्णांनी सांगितलं. एसटी बंद होती. म्हाताऱ्या बाईला माहेरी नेलं कोणी? कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, की आत काही भलतंच झालेलं असू शकतं. त्याखालीही हात जोडलेले होते.

संशय माझ्यातही शिरला, नाही असं नाही. एका दुपारी मी भिंतीलगतच्या खुर्चीत वाचत बसलो होतो. पलीकडून एक बारीक, लांबत जाणारा खोकला आला, शेवटी शिट्टीसारखा. तो संपतो न संपतो तोच त्याच्यावर अण्णांचा खोकला येऊन पडला, घोंगडी टाकावी तसा. पुन्हा बारीक. पुन्हा घोंगडी. बारीक खोकला माझ्या ओळखीचा होता. माईंचा दमा दर हिवाळ्यात याच भिंतीतून मी ऐकत आलोय.

त्या घरात दोन खोकले होते, आणि अण्णा दोन्हींना आपलं नाव देत होते.

वाघचौरे साहेबांनी अर्थातच तपासणी पथक बोलावलं. पथक म्हणजे प्लास्टिकच्या पोशाखात घामाघूम झालेली एक नर्स. तिने विचारलं, "घरात अजून कोण आहे?"

"कोणी नाय. न्यायचं तर मलाच न्या."

"एसटी बंद आहे," वाघचौरे म्हणाले. "वहिनी काय उडत गेल्या?"

"तुमाला उडता येत नाय, म्हणून कोणालाच येत नाय का साहेब?"

वाघचौरे माझ्याकडे वळले. "तुमची भिंत लागून आहे. आत दुसरं कोणी खोकतं का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ट्रकच्या ड्रायव्हरकडे बघायचे तसं.

"हेच खोकतात," मी म्हणालो. "दिवसभर. वाचू देत नाहीत."

नर्सने अण्णांच्या नाकात काडी घातली आणि ती गेली. पुढे रिपोर्ट निगेटिव्ह आला. एकाच घरात राहून अण्णांना काही नाही, म्हणजे माईंचा तो जुनाच दमा, एवढा हिशोब मी करून टाकला. अण्णांनी केला नाही. त्यांचा रिपोर्टवरही विश्वास नव्हता. ते भिंतीशी आले.

"खोटं काहून बोलले?"

"सहज."

"काय पाहिजे तुमाला?"

"काही नाही, अण्णा."

"काही नाही म्हणणारा ट्रक मी कधी सोडला नाय. खोलूनच बघितला."

मग मीच विचारलं, की माईंना असं कोंडून का ठेवलंय. दम्याची बाई आहे, सांगून टाकायचं. अण्णांनी गल्लीत दोन्हीकडे बघून घेतलं.

"दम्याचं कोण ऐकून घेतंय? खोकला म्हटलं की गाडीत घालतेत. तिला ऐकू येत नाय, माहीत हाये ना? ओठ बघून समजती ती. तिथं डॉक्टरचं तोंड बांधलेलं, नर्सचं बांधलेलं. पाणी पाहिजे का, एवढं विचारलं तरी हिला काय कळणार? हिला वाटंल, आपल्याला कोणी काही विचारतच नाय. तशीच मरून जाईल."

शब्द बाहेर पडल्यावर ते स्वतःच दचकले. मग एकदम कामाचं बोलले. "गच्चीवर या थोडं. ती माझं ऐकत नाय. म्हणती, गल्लीतले सगळे गेलेत अन् तुम्ही लपवताय. तुम्ही नाक्यावरचे, तुमचं काय खरं."

पाण्याच्या टाकीच्या सावलीत माई बसल्या होत्या, रोड झालेल्या. मी माझ्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. "मास्क खाली करा," अण्णा म्हणाले, आणि माझ्या मास्कची दोरी उभ्या साथीत सगळ्यात आधी ज्यांनी तपासली होती, तेच हे म्हणतायत याचं मला नवल वाटलं. मी मास्क खाली केला.

माई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "गयाबाई कशी हाये?"

गयाबाई समोरच्या घरातल्या, माईंच्या मैत्रीण. आदल्याच आठवड्यात गेल्या होत्या. अण्णा माईंच्या पाठीमागे उभे होते. त्यांनी काही खूण केली नाही.

"बऱ्या आहेत," मी ओठ सावकाश हलवत म्हणालो.

माईंनी बराच वेळ माझं तोंड वाचलं. "ह्यांनीच शिकवलं तुमाला," त्या म्हणाल्या.

मी मास्क वर ओढायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या," माई म्हणाल्या. "बोला अजून."

"काय बोलू, माई?"

"काहीबी. खोटं असलं तरी चालंल."

मी कोथिंबिरीच्या भावाचं बोललो. आमच्या मांजरीला झालेल्या पिल्लांचं बोललो. माई पुढे सरकून बसल्या. अण्णांनी आमच्याकडे पाठ केली आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन, गल्लीत कोणी येत नाही ना, ते बघत उभे राहिले.