उमैरसाहेबांची बिर्याणी

"इंटरनेट गेलं खड्ड्यात! घरातली यंत्रं आता आपापसात बोलणार!" अभिजितने शुक्रवारी सकाळीच जाहीर केलं.

कतारमधल्या अल रय्यानच्या फ्लॅटमध्ये त्याने स्वतःचा मोबाइल, बायको अनुजाचा मोबाइल आणि आईचा टॅब घरच्या वाय-फायवर एकमेकांना जोडले होते. एकाने सामानाची यादी बदलली की ती क्षणात बाकीच्यांकडे. दोन याद्या वेगळ्या निघाल्या, तर जिची वेळ नंतरची ती जिंकणार! हीच करामत बघायला त्याचे मॅनेजर उमैरसाहेब नमाजनंतर जेवायला येणार होते. पसंत पडली तर कंपनीच्या साइटवर वापरणार आणि अभिजितचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढणार. नाहीतर खलास, बॅगा भरा!

आईने, म्हणजे जयमालाबाईंनी, पोथी वाचून नऊलाच एकादशीची यादी लिहिली होती: साबुदाणा, दाणे, रताळी. दहाला अभिजितने ती पुसून चिकन, बासमती, पुदिना लिहिलं.

"आज एकादशी आहे रे," आई हळूच म्हणाली.

"तुझ्यापुरतं आहे ना घरात? मग झालं!"

"बरं." वाद घालणं तिच्या नेमातच नव्हतं.

"आणि अनुजा, यादीत असेल तेच आण. फोन करून मला विचारायचं नाही!"

अनुजाने खरंच विचारलं नाही. इतकी आज्ञाधारक ती लग्नातही नव्हती!

एक वाजता उमैरसाहेबांनी मोठ्या अपेक्षेने झाकण उचललं आणि वाफेत डोकावून म्हणाले, "ये कौनसी बिर्याणी है, भाई?"

अभिजितच्या चेहऱ्याचं उकडलेलं रताळं झालं. "चिकन कुठंय?"

"यादीत नव्हतं," अनुजा म्हणाली.

"मी स्वतः लिहिलंय!"

साहेबांनी शांतपणे टॅब मागितला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि गदगदून हसले. "आपकी अम्मी के यहाँ साढ़े तीन बज रहे हैं!"

"आई! घड्याळ अडीच तास पुढे?"

"मग! माझी एकादशी साताऱ्याच्या सूर्यावर चालते. देवाला तुझ्या ऑफिसची वेळ कशाला?"

म्हणजे आईने नऊला लिहिलेलं यंत्रांच्या लेखी साडेअकराचं! दहाचं चिकन कधीच हरलं होतं.

साहेबांनी साबुदाण्याची खिचडी तिसऱ्यांदा वाढून घेतली. "साइट पे सौ टॅब हैं. किसी एक की घड़ी आगे निकली तो? संडे तक ठीक करो, फिर साइन. इन्शाल्ला! और उस दिन बिर्याणी पक्की."

साहेब जाताच अभिजितने आईच्या टॅबचं घड्याळ सरळ केलं आणि ठणकावून लिहिलं: 'रविवार: चिकन दोन किलो.'

पाच मिनिटांत मोबाइल वाजला. 'रविवार: प्रदोष. साबुदाणा दोन किलो.'

तो गर्रकन वळला. आई टॅब पदराने पुसत होती.

"घड्याळ मी सोमवारवर नेऊन ठेवलंय, बाळा," ती मऊ आवाजात म्हणाली. "प्रदोष सुटला की आणते हं मागे."