अंजना मॅडमची बारा अंडी

अंजना कांबळेनं या खेपेला सगळा विचार आधीच करून ठेवला होता. चुकायला कुठं म्हणून जागा नव्हती! अशी जागा नसली की अंजनाच्या हातून काय काय होतं, ते तिच्या नवऱ्याला, प्रसेनजीतला, विचारा. पण तो गरीब माणूस, तो काही बोलायचा नाही.

मंगळवार पेठेतल्या एका महिला मंडळाच्या हॉलमध्ये अंजना सहा वर्षं ‘आई-बाळ वर्ग’ चालवत होती. आठ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची पोरं आणि त्यांच्या आया. दहाला गाणी, साडेदहाला कुणाची तरी चड्डी ओली, अकराला सगळ्यांचं एकदम भोकाड, असा भरगच्च अभ्यासक्रम! अंजना दमली होती. रविवारी दुपारभर झोपूनही जात नाही अशी ती दमणूक होती. आणि अशात, दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये, मंडळाच्या अध्यक्षा संयोगिताताई सायबर कॅफेतून बारा पानं छापून घेऊन आल्या.

“मॅडम, यंदा ईस्टर करायचा!”

“अहो ताई, आपल्या वर्गात एक पण ख्रिश्चन मूल नाही.”

“म्हणूनच की! राजारामपुरीत नवीन प्ले-स्कूल निघालंय, ते सगळं करतंय. तुमच्याकडं पोरं किती उरलीत?”

“चार.”

“चार! जूनसाठी पंधरा फॉर्म भरून दाखवा. न्हाईतर हॉल मेंदीच्या क्लासला द्यायचा, असं मीटिंगमध्ये ठरलंय. मी तुमच्या बाजूनं बोलले हं! पण किती बोलणार?”

सहा वर्षं घसा फोडून जमवलेला वर्ग, आणि तिथं आता मेंदीचे कोन पिळणार! तिनं मुकाट्यानं बारा पानं घेतली. त्यात लिहिलं होतं, अंडी उकडून रंगवा, आवारात लपवा, मुलांना शोधू द्या आणि सशासारख्या उड्या मारा. आठ महिन्यांच्या पोराला स्वतःचा पाय सापडत नाही, ते अंडं कुठून शोधणार? पण पंधरा फॉर्म म्हणजे पंधरा फॉर्म. अंजनानं पेठेतल्या घराघरांत चिठ्ठ्या वाटल्या : शनिवारी सकाळी साडेनऊला बाळांचा मोफत कार्यक्रम, जरूर या!

आणि मग तिनं डोकं लावलं. पोरं हाताला लागेल ते तोंडात घालणार, तेव्हा बाजारातला रंग नको. घरचाच रंग हवा! म्हणून सहा अंडी तिनं हळदीच्या पाण्यात पिवळीधमक केली आणि सहा बिटाच्या पाण्यात लाल. घरच्या काजळानं प्रत्येकावर दोन डोळे काढले. वर शोभेला लाल लोकरीचा दोरा बांधला. प्रसेनजीत दारात उभा राहून बराच वेळ बघत होता.

“हे असंच ठेवणार हायीस?”

“मग काय? तोंडात गेलं तरी काही होणार नाही बाळांना.”

“न्हाय, बाळांना न्हाय होणार,” एवढंच बोलून तो पेपर वाचायला गेला.

शनिवारी सकाळी साडेसहाला अंजनानं अंडी लपवली. हॉलच्या उंबऱ्याशी, आवाराच्या चारी कोपऱ्यांत, उंबराच्या झाडाच्या बुंध्याशी, नळामागं आणि शेजारच्या हंबीररावांच्या भिंतीलगत. हिशोबानं बारा. मग ती सशाचे कान करायला घरी गेली. तीन दिवसांपूर्वीच चैत्री पौर्णिमा झाली होती, जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या लोकांच्या अंगावरचा गुलाल अजून निघायचा होता. पण अंजनाच्या डोक्यात तेव्हा फक्त कापूस आणि पुठ्ठा होता.

सात वाजता हॉल झाडायला धोंडुबाई आली. तिनं उंबऱ्याकडं बघितलं. पिवळं अंडं, काजळाचे डोळे, लाल दोरा! पुढची किंकाळी पार मिरजकर तिकटीपर्यंत गेली म्हणतात.

नवाला डोक्यावर पांढरे लांब कान घालून अंजना वळणावर आली, तर आवाराबाहेर ही गर्दी! क्षणभर तिला भरून आलं. एवढी माणसं! ईस्टरला! पण जवळ गेल्यावर कळलं, की आत कुणीच जात नव्हतं. आया पोरांना पदराखाली घेऊन लांब उभ्या होत्या.

“मॅडम, म्हागं फिरा!” धोंडुबाई ओरडली. “कुणीतरी उतारा टाकलाय! एक न्हाय, दोन न्हाय, अकरा! मी मोजल्यात!”

“माझ्या भिंतीला तीन लावल्यात!” हंबीरराव गरजले. हे जुने पैलवान, आता नुसतेच हंबीरराव. “म्हणूनच कालपास्नं म्हस दूध चोरतीया!”

“आमचा कुकर फुटला की काल!”

“आन् गेल्या महिन्यात वर्ल्ड कपची फायनल हरलो, ती?”

अंजनाला हसावं की रडावं कळेना. ती अशा घरात वाढली होती, जिथं छप्पन साली आजोबांनी अंगारे-धुपारे, ताईत, दोरे सगळं गाठोडं बांधून घराबाहेर काढलं होतं. तिला उतारा हा शब्द आठवायलाही वेळ लागला. आठवला तेव्हा मात्र पिवळं, लाल, काजळ, दोरा, सगळं एकदमच डोळ्यांपुढं आलं. बाई गं! एवढा साग्रसंगीत उतारा तर कसलेल्या भगतानंही कधी केला नसेल!

“अहो, घाबरू नका,” ती मोठ्यानं म्हणाली. “ती अंडी मीच ठेवलीत.”

सगळ्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या कानांकडं.

“तुम्ही?”

“हो. बाळांसाठी.”

“बाळांसाठी!” आयांनी पोरांना आणखी आवळलं.

“तसं नव्हे! हा ख्रिश्चन लोकांचा सण आहे. येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले ना, त्याच्या आनंदाचा...”

“कोन उठलं?” मागून एका म्हातारीनं विचारलं. “कुठनं उठलं?”

समजावू तेवढं बिघडत चाललं होतं. शेवटी अंजनानं कंटाळून उंबऱ्यावरचं अंडं उचललं, दोरा काढला, पायरीवर आपटून सोललं आणि सगळ्यांसमोर खाल्लं.

“हे बघा! झालं काय मला?”

कुणीतरी हळूच म्हणालं, “खाल्लं की गं!”

“माझ्या भिंतीची तीन पण खाऊन दाखवा,” हंबीरराव म्हणाले. “त्याशिवाय मी म्हस सोडत न्हाय भाईर.”

तिनं तीही खाल्ली. मग कोपऱ्यातली चार, कारण प्रत्येक कोपऱ्याला एक एक घर लागून होतं आणि प्रत्येक घराचं काही ना काही बिघडलेलंच होतं! आठ अंडी पोटात गेल्यावर ती पायरीवर बसली. धोंडुबाईनं लांबूनच मिठाची पुडी सरकवली. एप्रिलचं ऊन, डोक्यावर कापूस, घशात पिवळा बलक. नऊ, दहा, अकरा! अंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अंड्यांमुळं, की आता एकही फॉर्म भरला जाणार नाही या विचारानं, ते तिचं तिलाच कळेना. बारावं कुठं आहे, हे विचारायचीसुद्धा ताकद तिच्यात उरली नव्हती.

बारावं नळामागं होतं. ते दीड वर्षाच्या पृथ्वीराजला सापडलं होतं. आईच्या पदरातून निसटून, रांगत जाऊन, सालासकट अर्धं खाऊन तो तिथंच बसला होता. त्याची आई श्रुती किंचाळत धावली. पोरानं ढेकर दिला आणि उरलेलं अर्धं तोंडात कोंबलं.

“अगं बाई, खातोय!” श्रुती जागच्या जागी थबकली. “महिना झाला, पोर घास घेत नव्हतं! मॅडम, अजून हाय का वो एखादं?”

अंजनानं नुसतीच मान हलवली. बोलायला तोंड उघडायची तिला भीती वाटत होती.

रविवारभर ती ओवा खाऊन पडून राहिली. सोमवारी हॉलवर आली ती सामान बांधायलाच. तर दारात रांग! बाया आणि कडेवर पोरं.

“मॅडम, हे रात्रभर रडतंय, तेवढं बघा.”

“हिचे दात येईनात.”

“श्रुतीच्या पोराचं केलासा तसंच करा की!”

“मी काहीही केलेलं नाही!” अंजना वैतागून म्हणाली. “मला दृष्ट काढता येत नाही. अशी काही दृष्ट नसतेच! पोराला भूक लागली होती, सापडलं ते खाल्लं. इथं फक्त वर्ग चालतो. गाणी, खेळ, बास!”

बायांनी एकमेकींकडं बघून समजुतीनं माना डोलावल्या.

“जाणतं माणूस कवा कबूल करतंय व्हय?” एक म्हणाली. “वर्गाला किती दिस यायला लागंल?”

“दहा महिने. जूनपासून. फॉर्म भरून.”

“दहा म्हयनं! म्हंजी भारीच उपाय दिसतोय. द्या फॉर्म!”

अंजनानं प्रत्येकीला निक्षून सांगितलं, की इथं उपाय नाही, गाणी आहेत. प्रत्येकीनं ऐकून घेतलं आणि अंगठा उठवला किंवा सही केली. बारापर्यंत सतरा फॉर्म भरून झाले. हॉल वाचला! अंजनाला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

बाया गेल्यावर संयोगिताताई आल्या. फॉर्म मोजले, शाबासकी दिली आणि मग दार लोटून घेतलं.

“मॅडम, एक विचारू? मला दोन महिने झोप न्हाय. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तुम्ही तेवढं...”

“ताई, तुम्ही पण? मला येत नाही हो असलं काही!”

“असू दे,” संयोगिताताई हळू आवाजात म्हणाल्या. “येत नसलं तरी हात तेवढा फिरवा.”

अंजनानं त्यांच्याकडं बघितलं. बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. असली वर्तुळं तिनं घरच्या आरशात रोज बघितली होती. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं बाळांची सतरंजी पसरली आणि ताईंना आडवं केलं. सहा वर्षं किरकिऱ्या पोरांना थोपटायची तशी पाठीवर थापटी देत ती नुसतंच हं हं हं करत राहिली. यात मंत्र नव्हता, तंत्र नव्हतं. तिला येत होतं ते एवढंच.

पाच मिनिटांत अध्यक्षाबाई घोरायला लागल्या.

मान वर केली, तर खिडकीत धोंडुबाई! हातात झाडू, तोंड उघडं.

“धोंडुबाई, मी फक्त थोपटलं हं!” अंजना घाईघाईनं कुजबुजली.

“व्हय व्हय, मी कुठं काय म्हणालो?” धोंडुबाईनं लांबूनच हात जोडले आणि गल्लीकडं तोंड करून हाक मारली, “ओ हंबीरराव! आणा ती म्हस हिकडं!”