तिसऱ्या मजल्यावरच्या घिरट्या

दोनदा नापास होऊनही घरात त्याला सगळे कॅप्टन म्हणत, आणि तो प्रत्येक हाकेला मुकाट्यानं ओ देई, इतका तो सरळ होता. बाहेर नुसते ढग असताना काट्यांकडे बघून विमान न्यायचं, अशी ती परीक्षा. काटे त्याला तोंडपाठ होते. पण परीक्षक मध्येच रेडिओ बंद करत आणि तिथंच कॅप्टनचं घोडं पेंड खाई. वळायचं सोडून तो "हॅलो, हॅलो" करत बटण दाबत बसे. उद्या तिसरी खेप होती. ती हुकली की पुन्हा पहिल्या धड्यापासून श्रीगणेशा.

शेवटी आत्यानं पदर खोचला. "मी होते कंट्रोल टॉवर. फोनवरून सांगते, तू चालत जा. एक मजला म्हणजे हजार फूट!"

कॅप्टननं टोपीला पुढून पुठ्ठा चिकटवला. आता हातातलं होकायंत्र, घड्याळ आणि स्वतःचे पाय एवढंच दिसत होतं.

"दारातून नीघ, डावीकडे वळ, तीन हजारावर चढ," कानातल्या इअरफोनमधून परवानगी आली.

"दारातून निघतो, डावीकडे वळतो, तीन हजारावर चढतो."

"माझंच मला काय ऐकवतोस? बहिरी नाहीये मी!"

"नियम आहे गं आत्या!"

तिसऱ्या मजल्यावर पुढचा हुकूम आला. "तिथंच घिरट्या घाल. पाचला दहा कमी असताना गच्चीकडे नीघ. अरे, धाकटीचा फोन येतोय, थांब हं."

आणि कान गप्प झाले. साडेचार वाजले होते. आत्या आणि तिची धाकटी बहीण बोलू लागल्या की तासाची निश्चिंती. कॅप्टन फोनचं बटण दाबू लागला. "हॅलो आत्या! हॅलो!" मग त्याला नियम आठवला. संपर्क तुटला तर शेवटची आज्ञा पाळायची. दहा पावलं सरळ, उजवं वळण, दहा पावलं परत.

समोरचे पेन्शनर काका दार उघडून बाहेर आले. "काय हरवलं रे?"

"बोलू नका काका, मी ढगात आहे."

"अगं ऐकलंस का, हा ढगात आहे म्हणतो!"

काकू धुण्याची बादली घेऊन आल्या. वाट अडलेली, म्हणून त्या कॅप्टनच्या मागून चालू लागल्या. डॉक्टरांनी नाहीतरी फिरायला सांगितलंय, म्हणून काकाही निघाले. शाळेतून परतलेल्या बाईंनी विचारलं, "रांग कसली हो ही?"

"ठाऊक नाही, पण सरकतेय," काका म्हणाले. बाईही वह्यांच्या गठ्ठ्यासकट मागे लागल्या.

पाचला बरोबर दहा कमी असताना कॅप्टन वळला आणि वरात घेऊन गच्चीत पोचला. तेवढ्यात कानात आवाज आला.

"कुठं तडफडलास रे?"

"गच्चीत. अगदी वेळेवर!"

"एकटाच?"

"नाही. मागे तीन विमानं आहेत."

दुसऱ्या दिवशी ढगात परीक्षकांनी रेडिओ बंद केला. कॅप्टननं घड्याळ बघितलं, शांतपणे घिरट्या घातल्या आणि ठरल्या मिनिटाला बाहेर पडला. खाली उतरल्यावर परीक्षकांनी कागदावर सही केली आणि त्याचा हात घट्ट दाबला. कॅप्टनला आनंदानं रडूच आलं.

त्यानं घरी फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्तच. शेवटी तो धावतपळत घरी आला आणि धापा टाकत दारात उभा राहिला. आत्या फोनवर धाकटीला सांगत होती, "अगं, पहिल्या नंबरानं पास झाला! होणारच! शिकवलं कुणी?"

निकाल अजून त्यानं कुणालाच सांगितला नव्हता.