दोरी आली कुठून?

"बायबल आलं कुठून?" भीमराज सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मोठ्या भरवशाने वर्गाकडे वळले.

"कपाटातून," अमर म्हणाला.

"अरे, पण कपाटात कुठून आलं?"

"मारोतराव काकानं ठेवलं," खुशीने खुलासा केला.

दिग्रसच्या त्या छोट्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलं चारच. सर आठवडाभर जिनिंगमध्ये कापूस उतरवून घेत आणि शिकवण्याची हौस रविवारी भागवून घेत. मारोतराव म्हणजे चर्चचे चौकीदार. ते आज दारातच तोंड फुगवून बसले होते, हातात चर्चची चावी. उपासना संपली की ती पाळकसाहेबांच्या हातात ठेवायची आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असं ठरवूनच ते घरून निघाले होते.

कारण झाला कोंबडा. मागच्या रविवारी हंगामाचा सण होता. लोकांनी शेतातलं नवं पीक देवापुढे आणलं, ज्वारी, सोयाबीन, भोपळे. विमलताईंनी घरचा कोंबडा आणला, तो मारोतरावांनी बांधून ठेवला. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो; सजावटीला पाळकसाहेबांमागे उभे केलेले ज्वारीचे धांडे, म्हणजे उंच ताटं, तेवढे तसेच राहतात. पण ऐन प्रार्थनेत कोंबडा सुटला आणि जो गेला तो गेलाच. "मारोतरावनं ढिली गाठ मारली असंन," असं सगळ्यांच्या आधी सर बोलून गेले आणि मग जो तो तेच बोलू लागला. मारोतरावांच्या ते जिव्हारी लागलं होतं. आपण मारलेली गाठ सुटत नाही, एवढाच तर त्या माणसाला अभिमान!

"आइका," सर म्हणाले, "बायबल काही आभायातून टपकलं नाई. देवानं मनात घातलं अन् माणसायनं लिहिलं. कोणी राजा, कोणी मेंढपाळ. येशूची गोष्ट तर चौघायनं लिहिली."

"चौघायनं? एकाले पाठ नव्हती का?" नयनने विचारलं.

"तसं नाई रे. ज्यानं जे पाह्यलं-आइकलं, थे त्यानं लिहिलं. थोडं इकडं-तिकडं असते."

"मंग खरं कोणाचं?"

सरांचा खडू या हातातून त्या हातात गेला. आणि मग सरांनी आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

"हे पाहा. मागच्या रविवारी कोंबडा पयाला. तुमी चौघायनं पाह्यला ना? एकेकानं सांगा बरं."

नयन म्हणाला, "लाल कोंबडा होता. पेटीवर बसला. तवा सर धांडे बांधून राह्यले होते."

"लाल कायचा? पांढरा होता," खुशी उसळली. "खिडकीतून गेला. सर तवा स्टुलावर होते, ज्वारीचे धांडे पडून राह्यले होते म्हणून."

अमरच्या मते कोंबडे दोन होते. धांडे मात्र सरच बांधत होते.

"वा!" सर खुलले. "पाह्यलं? रंग वेगळा, वाट वेगळी, पण गोष्ट खरी! आता सांगा, तिघायच्या बोलण्यात सारखं काय?"

"तुमी धांडे बांधले," तिघं एका सुरात म्हणाले.

सर हसले. पण चौथी, सगळ्यांत लहान अर्पिता, फळ्याकडे टक लावून बसली होती.

"सर, मंग दोरी आली कुठून?"

"कोणती दोरी?"

"धांडे बांधाची."

सरांना आठवेना. आणि मग आठवलं. धांडे पाळकसाहेबांच्या अंगावर कलले होते, गाणं चालू होतं, घाई होती. बाकाच्या पायाला दोरी दिसली, ती सोडून ओढून घेतली. तिच्या दुसऱ्या टोकाचा फास बाकाखाली कोणाच्या पायातून निसटला, हे कोण पाहतो?

"मले नाई माहीत," ते म्हणाले.

"बाकाची दोरी तुमी सोडली," अर्पिता म्हणाली. "मी खालीच होती. मायी चप्पल हरवलती."

"मी नाई सोडली!"

दारातले मारोतराव उठून आत आले. "सर, तुमी सोडली का जी?"

"नाई म्हणतो ना, मारोतराव!"

तेवढ्यात मागच्या कुंपणापलीकडे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगावर, आठवडाभर बेपत्ता असलेला कोंबडा मान ताणून आरवला.

चौघंही सरांकडे पाहू लागले. येशूला ओळखतच नाही म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याची, पेत्राची, गोष्ट सरांनीच शिकवली होती, आणि मनापासून शिकवली होती.

"सर," खुशी हळूच म्हणाली, "पेत्रपण तीनदाच नाई म्हणे ना? अन् मंग कोंबडा आरवला."

सरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मान खाली घालून ते म्हणाले, "मारोतराव, मीच सोडली जी. अन् नाव तुमचं घेतलं. चुकलं माह्यं."

"थे मले आता चौघायनं सांगतलं," मारोतराव म्हणाले. त्यांनी चावी खिशात टाकली आणि हात पुढे केला. "तुमी दोरी द्या. कोंबडा धराचा हाये."

सर निमूटपणे स्टुलावर चढले आणि मागच्या रविवारपासून तशीच बांधलेली दोरी त्यांनी सोडली. धांडे सगळे त्यांच्या अंगावर आले.