सातव्या चौकोनातलं पार्सल

“काहीच नाही!” मुंगीने पाठीवरची पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटली. “दुसरा दिवस! वाळू, वाळू आणि वाळू. एक खडा सापडला, तर संग्रहालयातल्या ताई म्हणाल्या, हा गेल्या वर्षीच्या बांधकामाचा आहे.”

मुंगी नऊ वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात सगळे मुंगीच म्हणत, कारण कुठलंही काम हातात घेतलं की ती खाली मान घालून, न बोलता, शेवटाला नेऊनच थांबायची. सुट्टीत गावातल्या संग्रहालयाने तीन दिवसांचा कार्यक्रम ठेवला होता, ‘चला, हरवलेलं नगर शोधू’, मुलांसाठी आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या घरच्या मोठ्यांसाठी. मागच्या अंगणात वाळूचा हौद, हौदावर दोऱ्या ताणून आखलेले बारा चौकोन, आणि वाळूत पुरलेल्या जुन्या संस्कृतींच्या नकली वस्तू. मणी, मुद्रा, चाकांच्या मातीच्या गाड्या, फुटकी मडकी. एका मुलाला किंवा भावंडांना मिळून एक चौकोन, एक ब्रश, एक खुरपं. मुंगीच्या वाट्याला सातवा आला होता.

“आठव्या चौकोनातल्या जुळ्यांना आत्तापर्यंत पाच वस्तू सापडल्या,” मुंगी म्हणाली. “मी ताईंना विचारलं, माझ्याच चौकोनात काही का नाही? तर म्हणाल्या, खऱ्या उत्खननातही काही चौकोन रिकामे निघतात. रिकामं निघालं हीसुद्धा माहितीच असते.”

“मग बरोबर आहे की,” तिची आई म्हणाली.

“उद्या शेवटचा दिवस. उद्याही काही नाही मिळालं तर मी परत कधी खणणार नाही. कधीच!”

आता मुंगी म्हणाली म्हणजे म्हणाली. सायकलीबद्दल ती तीन वर्षांपूर्वी असंच म्हणाली होती, आणि ती सायकल अजून जिन्याखाली धूळ खात होती. आजोबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मोठी होऊन खणायचं, जमिनीखालची नगरं शोधायची, असं ही पोर दोन वर्षं सांगत होती. घरभर तिच्या वह्या पडल्या होत्या.

“उद्या सापडेल,” आजोबा म्हणाले. “माझा शब्द.”

शब्द देताना त्यांनी जरा विचार करायला हवा होता, पण विचार करून शब्द देणाऱ्यांतले ते नव्हतेच.

आजोबांनी पस्तीस वर्षं टपाल कचेरीत काढली होती, आणि त्या पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलं नव्हतं. हे ते स्वतः सांगत. दिवसातून किमान दोनदा सांगत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी घरातली कुठलीही वस्तू ते आधी नीट गुंडाळत, वर लाल दोऱ्याची उभी-आडवी गाठ मारत, आणि मगच खिशात, कपाटात किंवा डब्यात ठेवत. ती गाठ सोडवायला घरात दुसरं कुणी धजत नसे.

त्यांची योजना साधी होती. पहिल्या दिवशी मोठ्यांसाठी मातीकामाचा तास झाला, त्यात आजोबांनी एक बैल केला होता. बैल म्हणायचं आपलं. शिंगं फुटलेला बटाटा म्हटलं असतं तरी कुणी भांडायला आलं नसतं. तो खिडकीत वाळून खणखणीत झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो पांढऱ्या रुमालात गुंडाळला, लाल दोरा बांधला आणि उजव्या खिशात टाकला.

डाव्या खिशात थोड्याच वेळात दुसरं पार्सल जमा झालं. ते होतं त्यांच्या कवळीचं.

कवळीचं प्रकरण असं, की ती त्यांच्या लेकीने, म्हणजे मुंगीच्या आईने, स्वतः केली होती. ती दातांची डॉक्टर. वरचे सगळे दात तिने मन लावून बसवले होते आणि बजावलं होतं, “बाबा, दिवसभर घालायची. सवय झाली की टोचणार नाही.” आजोबा मान डोलवत. लेक दवाखान्यात गेली रे गेली, की कवळी रुमालात आणि रुमाल खिशात. त्या दिवशीही लेकीने दोघांना संग्रहालयाच्या दारात सोडलं, “चारला समारोपाला येते,” म्हणाली, आणि तिची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत डाव्या खिशातलं पार्सल बांधून तयार होतं.

उजवीकडे बैल, डावीकडे दात. यात चूक व्हायला जागाच नव्हती. पण हौदात उतरण्याआधी ताईंनी सगळ्या मोठ्यांच्या गळ्यात एकेक ॲप्रन अडकवला. “कपडे खराब होतात, आजोबा. आणि खिशातलं सामान पुढच्या खिशात घ्या, वाकल्यावर वाळूत पडतं.” ॲप्रनला खिसा एकच होता. पोटावर, मोठा.

मुलं आत चित्रफीत बघत होती, बाकीचे मोठेही ॲप्रन घालून तिकडेच गेले. हौदाशी फक्त ताई, आणि त्यांची पाठ. आजोबांनी पोटावरच्या खिशात हात घातला, हाताला लागलेली गाठ सोडली, डाव्या हाताने सातव्या चौकोनात खळगा केला आणि नजर ताईंच्या पाठीवरून न हलवता रुमाल त्यात पालथा केला. वर वाळू लोटली. अंगठी घातलेल्या हाताच्या तळव्याने थापटली. ताई वळल्या तेव्हा आजोबा आकाशाकडे बघत उभे होते.

“ऊन वाढलंय नाही?” ताई म्हणाल्या.

“हो ना,” आजोबा तोंडावर हात धरून म्हणाले. दात नसले की ते असेच बोलत.

अकरा वाजता बिस्किटं वाटली. बिस्किट खायचं म्हणजे कवळी हवी. आजोबा नळापाशी गेले, कोपऱ्यात तोंड करून उभे राहिले, रुमाल सोडला, आणि त्यातून बैलाने त्यांच्याकडे पाहिलं.

क्षणभर दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. आणि त्याच क्षणी अंगणातून आवाज आला.

“सापडलं! मला सापडलं!”

आजोबा धावले. बहात्तराव्या वर्षी माणूस जितका धावतो तितके धावले. सातव्या चौकोनाभोवती गर्दी जमली होती. मधोमध मुंगी गुडघ्यांवर बसून, ब्रशने, अगदी हलक्या हाताने, वाळू झटकत होती. वाळूतून गुलाबी हिरडी आणि दातांची रांग वर आली होती.

“ईऽ! दात!” जुळे एकदम किंचाळले.

“राजाचे असतील!”

“राणीचे असतील. बघ किती पांढरे आहेत.”

मुंगीने दातांकडे पाहिलं. मग मान वर करून आजोबांकडे पाहिलं. पुन्हा दातांकडे पाहिलं. तिचा चेहरा असा काही उजळला होता, की आजोबांनी पुढे केलेला हात तिथेच थांबला. दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली होती. ‘बाळ, ते माझे आहेत’ असं सांगायचं कुठल्या तोंडाने? आणि सांगायला तोंडात दात तरी कुठे होते?

तरी त्यांनी एक प्रयत्न केला. वाकून हळूच बोटं पुढे नेली.

“आजोबा, हात लावू नका!” मुंगी ओरडली. “नोंद झाल्याशिवाय वस्तू जागची हलवायची नाही. नियम आहे.”

ताईंनी आपली यादी वरपासून खालपर्यंत तपासली, मग खालपासून वर. “चाळीस वस्तू पुरल्या मी. यात दात नाहीत. कुणाचे आहेत हे?” त्या गर्दीकडे बघत म्हणाल्या. गर्दीतल्या प्रत्येकाने नकळत जिभेने आपापले दात चाचपले. आजोबांनी ओठ घट्ट मिटले.

पुढे ताईंनी ते उचलून कचेरीत हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत टाकले असते, तर गोष्ट इथेच मिटली असती. पण नेमके तेवढ्यात संचालक आले. उंच, वाकलेले, उत्साही गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून खड्ड्यात पाहिलं आणि टाळीच वाजवली.

“वा, ताई! काय कल्पना आहे! पाच हजार वर्षांपूर्वीच्या मण्यांशेजारी आपल्या काळातले दात! म्हणजे आपलं नगर उद्या कुणी खणलं तर आपलं काय सापडेल, असंच ना?”

ताईंचं तोंड उघडं राहिलं. साहेबांनी सहा वर्षांत त्यांचं केलेलं हे पहिलं कौतुक होतं. “तसं... म्हणजे... हो, साधारण तसंच,” त्या म्हणाल्या.

“हे समारोपाला काचेच्या पेटीत ठेवा. मधोमध!”

झालं. मुंगी नोंदीचा कागद घेऊन झाडाखाली बसली आणि तासभर लिहीत राहिली. मध्येच उठून सातव्या चौकोनापाशी जाई, पट्टीने काहीतरी मोजी, परत येऊन लिही. कवळी पेटीत गेली. पेटीला कुलूप लागलं. किल्ली संचालकांच्या खिशात गेली. आजोबा पेटीभोवती घिरट्या घालू लागले. जेवणाच्या सुट्टीत ते काचेला नाक लावून उभे असतानाच मागून खांद्यावर हात पडला.

“बघतोय मी मघापासून,” संचालक भारावून म्हणाले. “सगळे बडबडतायत, तुम्ही एकटे शांतपणे वस्तू पाहताय. असा प्रेक्षक मिळत नाही हो! समारोपाला पेटीवरचं कापड तुम्हीच काढायचं. आणि दोन शब्द बोलायचे.”

आजोबांनी जोरजोरात मान हलवली.

“आणि विनय तरी किती!” संचालक म्हणाले आणि निघून गेले.

चार वाजता लेक आली. “बाबा, गप्प का? टोचतंय का कुठे? आ करा बघू.”

आजोबांनी मान हलवली.

“ते आज पाहुणे आहेत,” मुंगी म्हणाली. “पाहुण्यांनी कार्यक्रमाआधी बोलायचं नसतं.”

आजोबांनी चमकून नातीकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती.

दालन भरलं. संचालकांनी प्राचीन नगरांवर दहा मिनिटं भाषण केलं, मग आजोबांना पुढे बोलावलं. आजोबांनी कापड ओढलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक पुढे वाकली. आणखी वाकली. मग उठून पेटीपाशीच आली.

“डावीकडून तिसरा दात बघा,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली. “किंचित वाकडा आहे. तो मी मुद्दाम वाकडा बसवलाय, बाबा. तुमचा खरा दात तसाच होता म्हणून. हसलात की तुमच्यासारखे दिसावेत म्हणून.”

आजोबांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण वाळूचा हौद राहिला होता बाहेर अंगणात.

“आता आपले पाहुणे दोन शब्द बोलतील!” संचालक म्हणाले.

आजोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सुटकेचा एकच मार्ग दिसला. पेटीच्या काचेवर मुंगीचा नोंदीचा कागद चिकटवला होता. तो दिवसभरात कुणीही वाचला नव्हता. दात दिसत असताना कागद कोण वाचतो? आजोबांनी त्या कागदाकडे बोट दाखवलं.

“अर्थात! शोधणाऱ्याचेच शब्द!” संचालकांनी चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“वस्तू: वरची कवळी. वय: चार महिने. खोली: अडीच बोटं. सोबत काय सापडलं: लाल दोरा, उभी-आडवी गाठ पडल्याच्या खुणांसह. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो.” संचालकांचा आवाज जरा मंदावला, पण वाचणारा माणूस वाचतच जातो. “वस्तू इथे कशी आली असावी: पडलेली नाही. पडली असती तर वर दिसली असती. ही पुरली आहे. वरची वाळू तळव्याने थापटलेली होती आणि त्यावर अंगठीचा ठसा होता. मालक: माझे आजोबा. पुरण्याचं कारण: कवळी कुणी मुद्दाम पुरत नाही, म्हणून त्यांना दुसरं काहीतरी पुरायचं होतं. ते अजून त्यांच्या ॲप्रनच्या खिशात असावं. कशासाठी पुरायचं होतं, ते मला माहीत आहे. पण इथे लिहायला जागा नाही.”

दालनात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं दालन हसू लागलं. संचालक लाल झाले, मग तेही हसले. ताईंनी मात्र कागद हातात घेतला आणि स्वतःशी पुन्हा एकदा वाचला.

“बाकीच्या अकरा चौकोनांचे कागद तपासले मी,” त्या म्हणाल्या. “‘कशी आली असावी’ या रकान्यात सगळ्यांनी एकच लिहिलंय, राजाने ठेवली. हिने एकटीने वाळूकडे पाहिलंय. साहेब, पुढच्या सुट्टीत मला मदतीला ही हवी.”

“हवीच!” संचालक म्हणाले.

मुंगीचे कान लाल झाले. “तू सकाळीच ओळखलं होतंस?” तिच्या आईने विचारलं.

“बघताक्षणी. रोज बेसिनपाशी पेल्यात असते की.”

“मग बोलली का नाहीस?”

“नोंद पूर्ण व्हायची होती,” मुंगी म्हणाली.

लेक वडिलांकडे वळली. रागवायचं तिने ठरवलं होतं, पण समोर ते पोपटाच्या चोचीसारखं मिटलेलं तोंड आणि पोटावरच्या खिशात लपवलेला हात पाहून तिला हसू आवरेना. “टोचते हे सांगायचं ना मला, बाबा! घासून दिली असती दोन मिनिटांत. डॉक्टर आहे मी, फौजदार नाही.”

आजोबांनी खिशातून बैल काढून नातीच्या हातावर ठेवला. “चुकलं गं माझं,” ते म्हणाले. या वेळी त्यांनी तोंडावर हात धरला नाही. “तुझा चौकोन रिकामा राहू नये, एवढंच होतं मनात.”

मुंगीने बैल उलटा केला, सुलटा केला, शिंगं मोजली. मग तो परत त्यांच्या हातात दिला.

“असा हातात नको,” ती म्हणाली. “उद्या गच्चीवरच्या कुंड्यांत पुरा. बारा कुंड्या आहेत. कुठल्या कुंडीत ते मला सांगायचं नाही.”

“म्हणजे तू खणणार?”

“हो तर!” मुंगी म्हणाली. “फक्त पुरण्याआधी रुमाल उघडून बघा.”