अण्णाला माती घेत नव्हती

कुरनहळ्ळीच्या मातीने गुरुपाद बिराजदारला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी परत केलं.

धाकटा भाऊ सिद्राम सकाळी दुधाचा तांब्या घेऊन शेतातल्या समाधीवर गेला, तेव्हा गुरुपाद वर येऊन बसला होता. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं घालत नाहीत, मांडी घालून बसवतात. जसा बसवला होता तसाच तो होता. पाठ ताठ, कपाळावर विभूती, मांडीवर बेलाची पानं. अंगाला मातीचा कण नव्हता. खड्डा खालून भरून आला होता आणि त्यावर तो पंगतीत पान मांडायची वाट बघत असल्यासारखा बसला होता.

"अण्णा," सिद्राम म्हणाला. मग तांब्या तिथेच ठेवून कुदळ आणायला पळाला.

दुसरा खड्डा त्याने छातीइतका खोल घेतला. मातीने गुरुपादला परत केलं. तिसऱ्या वेळी त्याने वर दगडांची रास घातली. सकाळी दगड बांधाला नीट रचून ठेवलेले होते आणि गुरुपाद वर होता.

गाव बघायला आलं. गुरुपादला सगळे ओळखत होते, कारण सगळ्यांच्या शेतात तोच फवारणी करायचा. पाठीवर पंप, तोंडाला उपरणं, पहाटेपासून दुपारपर्यंत. तणनाशक मारावं तर गुरुपादनेच, असं लोक म्हणायचे; एक काडी मागे राहायची नाही. असाच एका दुपारी पंप पाठीवर असताना तो बांधावर टेकला आणि उठला नाही. आईबाप नसलेल्या सिद्रामला त्यानेच वाढवलं होतं. शाळा सिद्रामने चौथीत सोडली, तेव्हा मारलं होतं आणि मग जवळ घेऊन जेवायला घातलं होतं.

"स्वामी, मीठ जास्त पडलं असंल," शेजारचा ईरप्पा म्हणाला. समाधीत मीठ आणि विभूती घालायची रीत आहे.

"मीठ मी आज घालायलोय व्हय?" चनय्या स्वामी म्हणाले. ते जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित होते आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या समाध्या त्यांनीच लावल्या होत्या. "माझ्या हातचा एकबी मानूस परत आला न्हाई."

"मग अण्णाचंच काय तर आसंल. एवढं औषीद पाजलं त्यानं मातीला. तीबी ध्यानात ठेवतीय की."

सिद्रामने ईरप्पाची गचांडी धरली. दोघांना सोडवताना ईरप्पाच्या सदऱ्याची बटणं तुटली. गुरुपादची बायको महानंदा ती वेचत म्हणाली, "मयतासमोर भांडताय. हे बघायल्यात, तेवढं तरी ध्यानात ठेवा."

गुरुपादचे डोळे मिटलेले होते, तरी दोघं बाजूला झाले.

त्याच आठवड्यात ईरप्पाची नुकतीच पुरलेली आत्याही परत आली. मग तालुक्याच्या मृदा कार्यालयातून चौगुले मॅडम आल्या. त्यांनी गुरुपादला नमस्कार केला, चप्पल काढली आणि फावड्याने मातीची एक वीट कापून पालथी केली. बोटांनी फोडली, हुंगली, जिभेला लावली.

"हिला काही पचत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?" सिद्रामने विचारलं.

"मातीत खाणारे राहतात. गांडुळं, किडे, बुरशी, डोळ्यांना न दिसणारे जीव. पान पडलं, शेण पडलं, माणूस पडला, की ते खातात आणि त्याची माती होते. इथे आता कुणी राहत नाही. कुलूप लावलेल्या घरी पाहुणा सोडला तर तो परतच येणार."

"मग हे काळं काळं काय हाय?"

"घर आहे. नुसतं घर."

सिद्रामने फुटलेली माती पायाने सारखी केली. "अण्णावर राग हाय का तिचा?"

"राग यायलासुद्धा कुणीतरी घरी असावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "ईरप्पांच्या आत्याने कधी पंप उचलला नव्हता. त्याही आल्याच ना."

"आमच्याच गावात असं का?"

"सगळीकडे होतंय. एका देशात परत आलेल्यांना खेळाच्या मैदानात पायऱ्यांवर बसवलंय. दुसरा एक देश जहाजं भरून माती विकत घेतोय. ज्यांनी ती विकली, त्यांचे म्हातारे आता परत यायला लागलेत." त्यांनी हात झाडले. "हिच्यात पाणी मुरत नाही म्हणून खालची गावं वाहून जातात. हिच्यात कस नाही म्हणून पोरं पोटभर जेवतात आणि अशक्तच राहतात. ते कुणाला दिसलं नाही. माणूस परत आला, तेव्हा तुम्ही मला बोलावलंत."

महानंदाने पदर सावरून विचारलं, "मॅडम, हे कागदावर मयत कवा व्हनार?"

"मातीने घेतल्यावर. तोवर ते परत आलेले."

"म्हंजे मी बी तशीच."

"तुम्हीही तशाच," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दहन करता येईल. त्याला हरकत नाही."

"जाळायचं," सिद्राम म्हणाला. "अण्णाला." तो हे इतक्या हळू म्हणाला, की मॅडमनी तो विषय पुन्हा काढला नाही. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, की नदीपलीकडे डोणवाडीला एक जुनं गवताचं कुरण आहे, त्याला कधी नांगर लागलेला नाही, आणि तिथली माती अजून घेते.

सिद्रामने विचार केला नाही. ईरप्पाचा छोटा हत्ती टेम्पो मागून घेतला, गुरुपादला हौद्यात बसवलं, पोत्याने वारा अडवला आणि निघाला. डोणवाडीच्या वेशीवर बांबू आडवा होता. बांबूपाशी तुळजव्वा नावाची म्हातारी पान कुटत बसली होती.

"कुठलं पाव्हनं?"

"कुरनहळ्ळी."

"बसलेले की उभे?" परत आलेल्यांना ती बसलेले म्हणायची.

"एक बसलेला."

ती उठून हौद्यापाशी आली आणि गुरुपादकडे बराच वेळ बघत राहिली. "चांगला हाय रं. तरणाच हाय." मग परत जाऊन बसली. "आमची बी माती हाय, बाबा, गिरणी न्हाई. सगळ्या तालुक्याचं तिच्या तोंडात कोंबलं तर ती बी ओकंल. मग आमी कुठं जावं?"

"एकच हाय."

"सगळ्यांचं एकच असतंय."

सिद्राम बांबूला डोकं टेकून उभा राहिला. रडला नाही, नुसता उभा राहिला. तुळजव्वाचं पान कुटून झालं, तरी तो तसाच होता. शेवटी ती कुरणात गेली आणि पाटीभर माती घेऊन आली. मातीवर ओलं पोतं होतं, आणि त्याखाली काहीतरी हलत होतं.

"हे इरजण," ती म्हणाली. "दुधाला लावतोस तसं मातीला लाव. जपून. ऊन दाखवू नको, औषीद दाखवू नको."

सिद्रामने त्याच संध्याकाळी खड्डा घेतला, गुरुपादला बसवलं आणि पाटी त्याच्याभोवती रिकामी केली. चनय्या स्वामींनी मंत्र म्हटले. रीतीप्रमाणे गळ्यापर्यंत मीठ घातलं.

गुरुपाद परत आला. त्याच्या मांडीवर गांडुळं वाळून पडली होती, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी.

डोणवाडीच्या वेशीवर तुळजव्वा हसली, मग तिला खोकला लागला. "मिठात इरजण लावलास? तुझ्या वैनीला तरी इचारायचं. कुठल्याबी बाईनं सांगितलं आसतं." या वेळी तिने फक्त ओंजळभर माती दिली.

तेव्हा सिद्रामने महानंदाला विचारलं. तिने बाभळीजवळचा एक तुकडा दाखवला, गादीएवढा. तिथे दोघांनी शेण कालवलं, उसाचं पाचट पसरलं, कडुनिंबाचा पाला घातला, ओंजळ मधोमध ठेवली आणि वर गोणपाट टाकलं. महानंदा रोज कळशीने पाणी शिंपडायची, दुधाच्या भांड्यात बोट बुडवून बघावं तसं गोणपाटाखाली बोट घालायची आणि म्हणायची, "अजून न्हाई." चनय्या स्वामींनी खूप विचार करून सांगितलं, की मिठाची रीत माणसासाठी आहे, माणूस मिठासाठी नाही, आणि ते नुसत्या विभूतीवर भागवतील.

गुरुपादला बाभळीच्या सावलीत बसवलं होतं. चैत्रात सिद्रामने त्याच्यावर छत्री बांधली. ती सावली सरकली की तो छत्री सरकवायचा. आधी कामापुरता यायचा, मग भाकरी घेऊन यायला लागला.

"अण्णा, ईरप्पानं पाचट जाळलं न्हाई औंदा. आत्या परत आल्यापासून गप झालाय."

"अण्णा, माझ्या पायाला काटा गेलाय. काढला मीच."

"अण्णा, आज वैनीनं वांगं बिघडवलं. तू आसतास तर खाल्लं आसतास, मला म्हाईत हाय."

जिवंत असताना गुरुपाद कधी एवढा वेळ बसला नव्हता. त्याच्या अंगाला कायम औषधाचा वास असायचा, आणि घरी आला की तो बोलायच्या आत झोपायचा. आता वास गेला होता. सिद्राम त्याला टेकून दुपारची डुलकी घ्यायचा. महानंदाही यायची, पण लांब बसायची.

"ह्यांना घरात ऱ्हावा म्हणलं, तर कधी ऱ्हायले न्हाईत," ती एकदा म्हणाली. "आता बांधावर मुक्काम."

"बरं हाय की, वैनी. डोळ्यासमोर हाय."

"तुझ्या डोळ्यासमोर हाय. मी कुंकू लावू का पुसू, ते मला अजून कुणी सांगितलं न्हाई. हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या का न्हाई म्हणून माझ्याकडं बघत्यात, मग बोलवत न्हाईत. मला रडायचंय, सिद्राम. हे समोर बसल्यात, तर रडू कसं?"

सिद्रामने छत्री सरकवली.

पावसाळाभर तुकड्यावर पाणी साचलं नाही. गोणपाटाखाली मातीच्या बारीक गोळ्या दिसू लागल्या, गांडुळांनी टाकलेल्या. एक दिवस पाचट टाकलं, ते दुसऱ्या आठवड्यात सापडलं नाही. मग मेलेला पारवा ठेवून बघितला. पिसंसुद्धा राहिली नाहीत. ईरप्पा येऊन बघून गेला आणि आत्यासाठी एक ओंजळ मागून नेली. चौगुले मॅडमनी वीट कापली, ती फुटेना. बोटाने दाबली तर हळूच सुटली. आत पांढरे धागे होते.

"ही आता जेवते," त्या म्हणाल्या. "उद्या बसवा त्यांना."

महानंदाने तोंडावर पदर घेतला. सिद्राम उठून छत्री सरकवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर सिद्राम गोठ्यात गेला, गुरुपादचा पंप उतरवला, तणनाशकाचा कॅन ओतून भरला आणि पाठीवर घेतला. त्याने फार काही ठरवलं नव्हतं. एक फवारा मारला, की माती पुन्हा उपाशी मरेल आणि अण्णा बाभळीखाली बसून राहील, इतकंच त्याला कळत होतं.

महानंदा त्याच्याआधी आली होती. तुकड्याच्या कडेला बसली होती. तिने पंप बघितला.

"मार," ती म्हणाली. "म्हंजे मला पुन्हा वरीसभर पाणी घालायला लागंल."

सिद्रामने नळी हातात घेतली आणि मग त्याला दिसलं. बाभळीखाली गुरुपाद कमरेपर्यंत आत होता.

खड्डा कुणी घेतला नव्हता. तुकड्यातली माती गोणपाटाखालून, मुळांच्या कडेकडेने, कुणाला न सांगता बाभळीपर्यंत गेली होती. पंधरा पावलं चालून ती स्वतः आली होती. ती घाई करत नव्हती. गुरुपादच्या भोवती कडा मऊ होऊन वर येत होती आणि तो बसल्या बसल्या उतरत होता.

सिद्रामने पंप टाकला आणि भावाच्या काखेत हात घालून ओढला. गुरुपाद हलला नाही. सिद्रामने पुन्हा ओढला, मग बसून ओढला, मग ओढायचं सोडून त्याच्या गळ्याला मिठी मारली. माती छातीला आली, तेव्हा मिठी सुटली. महानंदा मोठ्याने रडत होती. वर्षभर तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"अण्णा, थांब की," सिद्राम म्हणाला. "जरा थांब."

खांदे गेले. कपाळावरची विभूती गेली. शेवटी उजवा हात राहिला, कारण तो सिद्रामने धरला होता. हात आत जात होता आणि सिद्राम तो सोडत नव्हता, म्हणून त्याचाही हात मनगटापर्यंत आत गेला. आत गार होतं आणि खूप हालचाल होती. माती दोन्ही हात चाचपत होती. मग तिने एकेक बोट वेगळं करायला सुरुवात केली, गुंतलेला दोरा सोडवावा तशी, न ताणता. ज्याची बोटं त्याच्याकडे लावली. गुरुपादचा हात तिने ठेवून घेतला आणि सिद्रामचा वर ढकलला.

त्याने तो पुन्हा आत घातला. मातीने पुन्हा परत केला.

दुपारी चौगुले मॅडम आल्या. त्यांनी चप्पल काढून जमिनीला हात लावला, महानंदाकडे बघून मान हलवली आणि वहीत गुरुपाद बिराजदार, मयत, असं लिहिलं. सिद्राम तिथे पालथा पडून होता, हात मातीवर ठेवून. त्याला कशात धरायचं, मयत की परत आलेला, असं त्यांनी विचारलं नाही. त्याच्या हाताला गांडुळं लागत होती आणि वळसा घालून पुढे जात होती.